रेघेवरची फुली

सपकाळे बाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेसमोरच्या चहाच्या हातगाडीवर, लारीवर, एका म्हशीचा जीव वाचवत होतो. म्हणजे, वाचवल्याची गोष्ट सांगत होतो. तापीला मोठी रेल आली होती... सुरतेत पुराला रेल म्हणतात... त्या वर्षी मी ड्रॉइंग बोर्डावर पालथा पडून, एका हाताने वल्हवत आणि दुसऱ्या हाताने म्हशीचं शिंग धरून, चौकबाजारापासून उधन्याच्या फाटकापर्यंत कसा आलो, ही ती गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ होती. लूमच्या कारखान्यातून सुटलेले पंधरा-वीस जण भोवती उभे होते आणि म्हैस नुकतीच गटांगळ्या खाऊ लागली होती. तेवढ्यात आमचा शिपाई छगन सायकल टाकून धावत आला नि म्हणाला, “साहेब, सपकाळे बेन ऑफ थई गया.” लोक हसले. त्यांना वाटलं, हाही गोष्टीतलाच भाग. मी हातातला ग्लास खाली ठेवला, तर एकजण म्हणतो, “मास्तर, पण भैंस का क्या हुआ?”

तिथून मी मुख्याध्यापकांच्या घरी गेलो. ते म्हणाले, “देवरे, सणासुदीचं तरी अभद्र बोलू नका.” दुसऱ्या एका मास्तरांनी दार अर्धंच उघडलं, माझं ऐकलं, “बरं बरं” म्हणाले आणि लावून घेतलं. शेवटी छगनला बरोबर घेतला, तो शेजारी उभा राहून मान हलवायचा, तेव्हा कुठे लोकांचे चेहरे बदलायचे. माझ्या तोंडून आलेली बातमी म्हणून सपकाळे बाईंचं मरण आमच्या शाळेत अर्धा दिवस उशिरा झालं. बाईंना कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, “देवरे सर, मी मेले असं तुम्हीच सांगताय ना, मग दहाने भागून पाहा, कदाचित नुसती सर्दी असेल.”

हे दहाने भागणं बाईंचंच. साठचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा त्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या. शाळा मराठी, मुलं खानदेशातून लूमवर आणि रेल्वेत कामाला आलेल्यांची; घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, सिनेमात हिंदी आणि आमच्यासमोर जमेल तेवढं मराठी बोलणारी. बाई भुसावळकडच्या. वडील रेल्वेत गँगमन. बौद्ध घरातली ती मुलगी बी.एस्सी. होऊन एकटी सुरतेला आली आणि भेस्तानला एक खोली घेऊन राहिली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांना तापीतल्या मगरीची गोष्ट ऐकवली. वीस फूट लांब मगर, मी तिच्या पाठीवर बसून पलीकडे गेलो वगैरे. बाई डोळ्याचं पातंही न हलवता ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “वीस भागिले दहा. दोन फूट. म्हणजे घोरपड. आणि पाठीवर बसलात म्हणजे ती मेलेली होती.” सगळी स्टाफरूम हसली, आणि मी पहिल्यांदा आयुष्यात गोष्ट पुढे वाढवायची विसरलो. पुढे त्या कोणाशीही माझी ओळख करून देताना सांगायच्या, “हे देवरे सर, चित्रकला शिकवतात. यांनी आकडा सांगितला की दहाने भागायचा. आमच्या पंचशीलात खोटं न बोलणं हे चौथं शील. ते पाळायला किती अवघड आहे हे मला रोज कळावं, म्हणून यांना इथे नेमलंय.”

अशा बाईला माझ्यासारख्या माणसाची गरज पडेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण पडली. झालं असं की आठवीतलं एक पोर प्रार्थनेच्या वेळी उभ्या उभ्या कोसळलं. बाईंनी पाणी मारलं, बसवलं, विचारलं, काय होतंय? “काही नाही बाई.” जेवलास का? “हो बाई.” झोपलास का? “हो बाई.” दुपारी त्याच्या दोस्ताकडून कळलं की पोर दोन दिवस उपाशी होतं आणि पहाटेपर्यंत लूमवर दोऱ्याच्या बॉबिन भरत होतं. तिसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “तोंडावर विचारलं की मुलं आपल्याला बरं वाटेल ते सांगतात. त्यांना तोंड न दाखवता सांगता आलं पाहिजे. तुम्ही स्टेन्सिल छान कापता ना?”

त्यातून जी बिननावाची प्रश्नपत्रिका निघाली, तिच्यातलं अक्षर माझं आहे. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने मी ती कोरली आणि शाळेच्या सायक्लोस्टाइलवर छगनने हात काळे करून काढली. आज सकाळी काय खाल्लं? रात्री किती तास झोप झाली? विडी ओढली आहे का, तंबाखू मळली आहे का? उतरायणला कठडा नसलेल्या गच्चीवर चढून पतंग उडवला का? शाळेत येताना उभ्या मालगाडीखालून वाकून येता का? कोणी मारतं का? मुलींच्या कागदावर आणखी चार प्रश्न, ते बाईंनी मला लाजू न देता स्वतः सांगून लिहून घेतले. मुख्याध्यापक कागद वाचून हादरले. म्हणाले, “अहो, विडीबद्दल विचारलं की मुलं विडी ओढायला लागतील.” बाई म्हणाल्या, “सर, भूगोलात आपण आफ्रिका विचारतो. अजून कोणी गेलं नाही.” बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला छगनने छिन्नीने फट पाडली, मुलांनी कागद घडी करून त्यात टाकायचा ठरला, आणि बाईंनी प्रत्येक वर्गात जाऊन एकच वाक्य सांगितलं: “नाव लिहायचं नाही. कोणी लिहिलंय ते मला कळणार नाही आणि मी कळून घेणारही नाही.”

डबा उघडला तर काय! पहिल्या वर्षी सगळ्यांनी नावं लिहिलेली. वर मध्यभागी श्री, उजव्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. बालवाडीपासून आम्ही मास्तरांनीच हातात ठोकून बसवलेली सवय, ती एका वाक्याने कशी सुटणार? “विडी ओढतो, रोज दोन” आणि वर ठळक अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट! मी पोट धरून हसत होतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कात्री घेतली, मान दुसरीकडे वळवली आणि न बघता एकेका कागदाची वरची पट्टी कापत गेल्या. संध्याकाळपर्यंत कापत होत्या. पट्ट्यांचा ढीग अंगणात नेऊन जाळला आणि मला म्हणाल्या, “अक्षर तुम्ही शिकवता, म्हणून तुम्हाला सांगते. इथे ओळखलंत तरी ओळखायचं नाही.”

मी आणखी एका कामाचा होतो. मुलगे फुशारक्या मारायचे. एकाने लिहिलं, रोज शंभर विड्या. दुसऱ्याने लिहिलं, मी चालत्या मालगाडीच्या टपावर झोपून नंदुरबारपर्यंत गेलो. बाई म्हणाल्या, “हे तुमचं खातं. यातल्या थापा कशा ओळखायच्या?” मी म्हटलं, थापाड्याला पकडायचं तर त्याच्यासमोर आणखी मोठी थाप ठेवा, तो तिच्यावर बसल्याशिवाय राहणार नाही. आणि प्रश्नांच्या मध्येच मी एक विडी घातली, जी जगात कुठेच मिळत नाही: पाणघोडा छाप. “पाणघोडा छाप विडी ओढली आहे का?” ज्याने होय म्हटलं त्याचा अख्खा कागद बाजूला. नववीतले निम्मे गडी पाणघोडा ओढत होते! एकाने तर कडक लागते असं वर लिहिलं होतं. पुढे महिनाभर पोरं पर्वत पाटियापर्यंतच्या पानाच्या गल्ल्यांवर, म्हणजे टपऱ्यांवर, पाणघोडा छाप मागत हिंडली आणि एका भैयाने ती वाराणसीहून मागवली... बरं, ही शेवटची गोष्ट दहाने भागा. पण गठ्ठा खरा होता. बाई त्याला पाणघोड्यांचा गठ्ठा म्हणायच्या आणि तो बाजूला ठेवताना माझ्याकडे बघून मान लववायच्या. त्यांनी माझा एवढा सन्मान दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी कधी केला नाही.

त्या कागदांतून काय निघायचं ते बाई कुठे छापायला गेल्या नाहीत. मालगाडीखालून येणाऱ्यांचा आकडा मोठा निघाला, तर दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळेला त्या स्वतः छत्री घेऊन रुळांपाशी उभ्या. कोणालाही काही बोलायच्या नाहीत. नुसत्या उभ्या. पोरं त्यांना बघून मुकाट्याने फाटकापर्यंत वळसा घालायची. उन्हात, पावसात, तापात. मी चेष्टेने म्हणायचो, बाई, रेल्वे तुम्हाला सिग्नल म्हणून पगार देते का? त्या म्हणायच्या, “वडिलांची नोकरी पुढे चालवते.”

आता जे लिहायचं आहे त्यापाशी आलो की माझा हात थांबतो. एरवी तो थांबत नाही हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल...

त्या प्रश्नपत्रिकेच्या शेवटी मी चार रिकाम्या ओळी आखायचो. वर लिहिलेलं असायचं: आणखी काही सांगायचं आहे? बहुतेक मुलं तिथे फूल काढायची नाहीतर शाळेला पंखे हवेत असं लिहायची. सातव्या-आठव्या वर्षी नववीचे कागद मी आणि बाई समोरासमोर बसून मोजत होतो. माझ्या हातात एक कागद आला. त्या चार ओळींत लिहिलं होतं: “खोकताना रक्त पडतं. दोनदा पडलं. घरी सांगितलं नाही. सांगितलं तर शाळा बंद होईल. बाई, तुम्ही म्हणालात कोणाला कळणार नाही म्हणून लिहिलं.” वाचायच्या आधीच मला कळलं होतं. ती अक्षरं मी गिरवून घेतली होती. लीला. लूमवरच्या एका विणकराची मुलगी, शहाद्याकडची. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला मी तिला बसवणार होतो. तिची रेघ अशी सरळ जायची की पट्टीने लाजावं, आणि हे वाक्य कशानेही भागायचं नाही.

बाईंनी कागद वाचला. मग माझा चेहरा वाचला. “तुम्ही ओळखलंत.”

“हो.”

“नाव सांगू नका.”

“बाई, पोर मरेल.”

“नाव कळलं तर उद्या वर्गात मी त्या पोराकडे बघेन. नाही बघायचं ठरवलं तरी बघेन. त्याला कळेल. मग या शाळेत पुन्हा कोणी खरं लिहिणार नाही.” त्या उठून खिडकीपाशी गेल्या. मग वळल्या आणि म्हणाल्या, “एकाला न्यायचंच नाही. सगळ्या नववीला न्यायचं. सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायचे. ज्याला औषध लागेल त्याला लागेल, बोट कोणाकडे दाखवायचं नाही.”

दुसऱ्याच दिवसापासून बाईंनी दवाखान्याचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. अर्ज, शिक्का, डॉक्टरांची सही, मुख्याध्यापकांची सही, फिल्म शिल्लक नाही, पुढच्या आठवड्यात या. तीन आठवडे लागले. मी चार दिवस थांबलो. चौथ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला लीला तोंडाला रुमाल लावून खोकली आणि रुमाल घडी करून मुठीत धरून बसली. सुट्टी झाल्यावर मी तिच्या वडिलांच्या कारखान्याच्या दारावर जाऊन उभा राहिलो. पाळी बदलत होती. ते बाहेर आले, केसांवर, भुवयांवर कापसाचं पीठ बसलेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ना मगर, ना म्हैस. जसं होतं तसं. तिने शाळेत लिहून दिलंय हेही. जन्मभर इतक्या थापा मारल्या, त्यांवर लोकांनी शंभर प्रश्न विचारले. त्या दिवशी खरं बोललो, तर त्या माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “मास्तर, तुम्हीन सांगं ते बरं करं. घरमा बाकीना पोरं शेतस. तिले मी गावले धाडी देस, तिना मामाकडे. तठेनी हवा चांगली शे.”

मी म्हटलं, दवाखान्यात न्या, बाई सगळी व्यवस्था करताहेत, थोडे दिवस थांबा. ते हो हो म्हणाले. लहान पोरं घरात, खोली एक. त्यांनी जे केलं त्यात मी त्यांना दोष देत नाही. दोन दिवसांनी लीला शाळेतून घेतलेली रंगांची पेटी परत करायला आली. ब्रश धुऊन, पुसून, उंचीप्रमाणे लावलेले. पेटी टेबलावर ठेवून तिने विचारलं, “सर, बाईंनी सांगितलं का तुम्हाला?”

मी शब्दांचा कारखाना. वीस फुटी मगर मला पाठीवर घेऊन जाते, म्हशी माझ्या हाताला धरून पोहतात. मला एवढंच म्हणायचं होतं: नाही गं, मी तुझं अक्षर ओळखलं. तेवढंही मी बोललो नाही. मी पेटीची कडी लावत बसलो. मग वऱ्हांड्यातून जाताना विज्ञानाच्या वर्गाच्या दारात ती थांबली, आत शिकवणाऱ्या बाईंकडे बघितलं आणि नमस्कार न करता गेली. बाई फळ्याकडे तोंड करून होत्या. त्यांना दिसलं नाही. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आज, त्या गेल्याला सहा आठवडे झाल्यावर, इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

छातीचे फोटो ठरल्या दिवशी निघाले. “फोटो” म्हणून सांगितल्यामुळे नववीची पोरं केसांना तेल चोपडून, तोंडाला पावडर फासून आली होती. मुलींनी गजरे माळले होते. दवाखान्याच्या बाकावर बाईंनी हजेरी घेतली. लीलाच्या नावाशी कोणी “उपस्थित” म्हटलं नाही. बाईंनी नाव पुन्हा घेतलं. शेजारची मुलगी म्हणाली, “बाई, ती गावाला गेली कायमची. तिला खोकला होता ना.” बाईंनी हजेरीपटावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बस. तेवढंच. पुढचं नाव घेतलं.

त्या फोटोंत दोन मुलांच्या छातीत डाग निघाले. दोघांना सुया आणि गोळ्या सुरू झाल्या. मधल्या सुट्टीत बाई त्यांना स्वतः घेऊन जायच्या. वर्गाला सांगितलं होतं, हे दोघं प्रयोगशाळेचं सामान आणायला जातात. दोघांची शाळा एक दिवस बुडाली नाही. एक आज कतारगामात हिरे घासतो, एक रेल्वेत आहे. म्हणजे बाईंचा रस्ता लांबचा होता, पण पोचत होता... पावसाळ्यात शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. मरणाच्या पत्राचा फाडतात तसा कोपरा फाडलेलं. लीलाच्या मामांचं. बाईंनी वाचलं, मला दिलं, आणि प्रयोगशाळेत जाऊन परीक्षानळ्या धुऊ लागल्या. धुतलेल्याच नळ्या धूत होत्या. मी दारात उभा राहिलो. वाटलं, आता बोलतील. ओरडतील. त्या म्हणाल्या, “देवरे सर, पुढच्या वर्षीच्या स्टेन्सिलवर त्या चार ओळी आखू नका.”

तेव्हापासून आमच्या कागदावर अक्षर उरलं नाही. प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन, होय आणि नाही, मध्ये एक उभी रेघ. मुलांनी नुसती फुली मारायची. आणि चार ओळींच्या जागी बाईंनी दोन नवे प्रश्न घातले: असा काही त्रास आहे का, जो घरी सांगितलेला नाही? आणि त्याखाली: तो ज्याला सांगावा असं वाटतं, असा कोणी माणूस आहे का? मोजायचा नियमही ठरला. चौकोनातली फुली धरायची. फुली मधल्या रेघेवर पडली असेल तर पोराचं मन ठरलेलं नाही; ती कुठेच धरायची नाही. एक वर्ष बाईंनी मला कागदांना हात लावू दिला नाही. दुसऱ्या वर्षी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “आता यात ओळखण्यासारखं काही नाही.”

बाईंना विज्ञान येत होतं, पण फुलीलाही अक्षर असतं हे त्यांना माहीत नव्हतं. कोणाची पहिली रेघ लांब, कोणाची दुसरी वाकडी, कोणी पेन्सिल टेकवून मग विचार करतो आणि तिथे ठिपका राहतो. चित्रकलेच्या मास्तरला तेवढं पुरतं. मी प्रत्येक वर्षी निम्मा वर्ग ओळखत होतो. कोण उपाशी येतो, कोणाला बाप मारतो, कोणी काय लपवलंय. आणि एका शब्दाने कोणाला काही बोललो नाही. ना लारीवर, ना घरी, ना बाईंना. लोक समजतात मला काही पोटात ठेवता येत नाही. आठ वर्षं मी ते ठेवलं, आणि मनातल्या मनात बाईंना दाखवत होतो, बघा, ओळखूनही ओळखत नाही. लीलाच्या वेळी चुकलो, आता चुकत नाही.

मागच्या वर्षभरात बाई जिन्याच्या मधल्या वळणावर थांबू लागल्या होत्या. तिथे सूचनाफलक आहे. त्या तिथे उभ्या राहून सूचना वाचायच्या. प्रयोगशाळा वर, म्हणजे दिवसातून चार वेळा. सूचना जूनपासून एकच होती, पाण्याच्या टाकीबद्दलची. मी एकदा म्हटलं, “बाई, पारायण चाललंय का?” त्या म्हणाल्या, “तुमच्या गोष्टींपेक्षा बरी आहे. रोज तेवढीच राहते.” वाक्याच्या मध्ये त्यांनी श्वास घेतला, तो मी ऐकला. ऐकला आणि पुढे गेलो.

दिवाळीच्या सुट्टीआधी नेहमीसारखे कागद भरून झाले. बाई दर वर्षी मुलांआधी एक कागद स्वतः भरून बघायच्या, हातातलं घड्याळ टेबलावर काढून ठेवायच्या. किती मिनिटं लागतात ते पाहायचं आणि कागद फाडून टाकायचा. या वर्षी नववी अ चा डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्हीच मोजा या वेळी. माझे डोळे दुखतात.” वर्गात मुलं एकावन्न. डब्यात कागद निघाले बावन्न. मी दोनदा मोजले. मग एकेक उलटत गेलो आणि तिसाव्या-बत्तिसाव्या कागदाशी थांबलो. ती फुली मी सतरा वर्षं विज्ञानाच्या वह्यांवर पाहत आलो होतो. पहिली रेघ ठाम, दुसरी आखूड आणि शेवटाला जराशी वर उचललेली, जणू चूक दाखवताना दाखवणारीलाच वाईट वाटतंय. जिना चढताना धाप लागते का? होय. असा काही त्रास आहे का, जो घरी सांगितलेला नाही? होय. तो ज्याला सांगावा असं वाटतं, असा कोणी माणूस आहे का? इथे फुली बरोबर मधल्या रेघेवर होती.

मनात म्हटलं, नमुन्याचा कागद असेल, फाडायचा राहिला असेल. मग म्हटलं, ओळखलंत तरी ओळखायचं नाही. एकदा ओळखून बोललो होतो, त्याचं पोस्टकार्ड अजून कपाटात आहे. मी बेरजा केल्या, तक्ता केला आणि वर प्रयोगशाळेत नेऊन दिला. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. एरवी त्या बसत नसत. त्यांनी तक्ता पाहिला.

“एकावन्न?”

“एकावन्न.”

“बावन्न नव्हते?”

“एक कागद रेघेवरचा होता, बाई. धरला नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हसल्या. “बरोबर आहे,” म्हणाल्या, “नियम आहे.” आणि तक्ता घडी करून पर्समध्ये ठेवला. ती आमची शेवटची भेट. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भेस्तानला नळावरून कळशी घेऊन येताना त्या ओट्यावर टेकल्या, त्या उठल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांच्या भावाला सांगितलं, हृदयाची झडप कैक वर्षांची दुखावलेली होती. त्यांना कळत नव्हतं असं होणार नाही. भाऊ मला विचारत होता, “सर, तुम्ही रोजचे बरोबर. तुमच्याजवळ काही बोलली होती का?” मी म्हटलं, नाही. हे अगदी खरं होतं, आणि त्यानेही लगेच विश्वास ठेवला.

शाळा पुन्हा सुरू झाली आहे. रुळांपाशी आता कोणी उभं नसतं. पहिले चार दिवस पोरं सवयीने फाटकाकडून आली, पाचव्या दिवसापासून मालगाडीखालून येऊ लागली. परवा मी छत्री घेऊन तिथे जाऊन उभा राहिलो. पोरांना वाटलं, सर गोष्ट सांगणार. गोळा झाली भोवती. बिस्किटांचा डबा स्टाफरूमच्या कपाटावर आहे, फटीवर धूळ बसली आहे. मोजून झालेले कागद जाळायचे असतात. एकावन्न जाळले. बावन्नावा माझ्या ड्रॉइंग बोर्डाच्या मागे चिकटपट्टीने लावून ठेवला आहे, त्याच बोर्डाच्या, ज्याच्यावरून मी म्हैस आणली. अधूनमधून काढून खिडकीशी धरतो. फुलीचं टोक होयकडे जास्त झुकलंय की नाहीकडे, हे सतरा वर्षं अक्षरं बघूनही मला ठरवता येत नाही.

देवरेंनी आकडा सांगितला की दहाने भागायचा, हा बाईंचा नियम सगळ्या सुरतेला माहीत आहे. तर आकडा सांगतो. त्या दिवशी नववी अ मध्ये एक कागद जास्त होता. एक. भागा बघू.